पडद्यावरचा वास

रविवारी दुपारी दोन ते चार आमच्या फुलांच्या दुकानाकडे माणूस फिरकत नाही. देवीच्या दर्शनाची गर्दी जेवायला घरी गेलेली असते, लग्नाचे हार सकाळीच उठलेले असतात आणि मागच्या खोलीत ओल्या बारदानाखाली शेवंती ठेवलेली असते. तेवढे दोन तास मी तिथंच भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसते आणि मोबाइलवर भुतांच्या पिक्चरबद्दल वाचते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला हे शोभतं का, असं माझी मुलगी विचारते. मी तिला सांगते, तुझ्या आजीच्या मालिकांपेक्षा भुतं परवडली. ती एकदा मेली की निदान दुसरं लग्न तरी करत नाहीत.

भाच्याने दोन वर्षांपूर्वी मला एका ग्रुपात घातलं. नाव ‘वऱ्हाडी भुतावळ’. अमरावती-अकोल्याकडची तीस-चाळीस माणसं आहेत. एकमेकांना कोणी पाहिलेलं नाही. नियम एकच : आठवड्यात जो भुताचा पिक्चर पाहिला असेल, त्याबद्दल रविवारी दुपारी मत लिहायचं आणि पाचपैकी लिंबं द्यायची. लिंबांची कल्पना माझी. ती मी कुठून आणली ते ग्रुपात कधी सांगितलं नाही.

मतं वाचण्यासारखी असतात. धारणीला नोकरीला असलेले एक भाऊ लिहितात, “जंगलातलं भूत दाखोलं, अन् मांगं रातकिड्याचा आवाजच नाई. आमच्या इथं येऊन दोन दिवस राहा म्हणा. एक निंबू.” नांदगाव खंडेश्वरचा बंटी कॉलेजात शिकतो आणि स्वतःला पिक्चरमधला मोठा जाणकार समजतो. त्याने एकदा लिहिलं, “एकदम आवाज मोठा केला म्हंजे भेव नाई वाटत. थ्या हिशेबानं आमच्या बाबाची शिंक पाच निंबूची हाये.” मी एकटीच दुकानात हसत बसले होते.

आणि मग गेल्या वर्षी तो आला. नाव लावलं होतं, ‘प्रेक्षक, अकोला’. फोटो नाही. चार रविवार गप्प राहिला. पाचव्या रविवारी त्याने एका नव्या पिक्चरबद्दल लिहिलं. गोष्ट सांगितली नाही, कोण कसं काम करतं ते सांगितलं नाही. एवढंच लिहिलं : “जिन्यावरून माणूस वर येते, त्या बाईच्या दारापाशी थांबते. दाराखालून फिनेलचा अन् शिळ्या निशिगंधाचा वास येऊन राह्यला. थो सीन लय भारी. चार निंबू.”

माझा हात बारदानावरच राहिला. पडद्यातून वास कसा येतो?

संध्याकाळी मी तो पिक्चर लावला. जिना होता. बाई होती. दारसुद्धा होतं. पण त्या दारापाशी कोणीही थांबत नाही आणि अख्ख्या पिक्चरमध्ये निशिगंधाची एक काडी नाही.

संशय हा माझा स्वभाव नाही, ते आमच्या घरचं शिक्षण आहे. माझे बाबा फुलांची टोपली कधी वरून पाहत नसत. शेतकरी टोपली उतरवायचा, वर टवटवीत शेवंती हसत असायची आणि बाबा त्याच्याकडे बघतबघत कोपरापर्यंत हात आत घालायचे. तळाशी गरम लागलं की समजायचं, खाली काल-परवाची फुलं दडपली आहेत. शिळी फुलं एकावर एक पडली की आतून तापतात. “वरचं फूल सारेच दाखोतात,” बाबा म्हणायचे, “तू बुडाले हात घाल.” मी सात-आठ वर्षांची असल्यापासून हात घालत आले. फुलांत घातला, भाजीत घातला, माणसांतही घातला. संशयाला औषध नाही म्हणतात, ते खरं आहे. पण त्या संशयामुळे आमच्या दुकानातून शिळा हार कधी गेला नाही, हेही खरं आहे.

ही मागची खोली तेव्हाही अशीच होती. उन्हाळ्यात आम्ही बारदान दर तासाला भिजवायचो आणि सिमेंटच्या जमिनीवर गार, हिरवट ओल पसरायची. दसऱ्याच्या आधी झेंडूचे ढीग छताला टेकायचे आणि त्या उग्र वासाने डोकं चढायचं. मार्गशीर्षात शेवंती, माघात मोगऱ्याची पहिली बारीक कळी. कोणत्या महिन्यात कोणी कोणता पिक्चर सांगितला, हे मला आजही फुलावरून आठवतं.

आम्ही चौघं होतो. माझा मोठा भाऊ गजूदादा, तेव्हा कॉलेजात नवा. वकिलांची शैला, माझ्याच दहावीच्या वर्गात. देवळातल्या पुजाऱ्यांचा अवधूत, गजूदादापेक्षा वर्षाने लहान. तो रोज पूजेची फुलं न्यायला आमच्याकडे यायचा. आणि मी. रविवारी दुपारी बाबा पुढच्या खोलीत बाजेवर झोपायचे, म्हणून आम्ही कुजबुजत बोलायचो. भुताच्या गोष्टीला कुजबूज फार मानवते.

शनिवारी दुकानात आम्ही लिंबू-मिरच्या ओवून विकायचो. उरलेली लिंबं रविवारी आमची. ज्याने पिक्चर पाहिला त्याने सांगायचा, ऐकणाऱ्यांनी लिंबं द्यायची. गजूदादा थेटरात जाऊन पाहायचा, पण त्याच्या सांगण्यात भूत कमी आणि हाणामारी जास्त. शैलाकडे केबल होतं, पण ती भित्री. तिच्या पिक्चरला मोठमोठी भोकं असायची. “मंग तिनं कपाट उघडलं, मंग मी डोळे मिटले, मंग सारे रडून राह्यले होते.” कपाटात काय होतं ते आम्हाला कधीच कळायचं नाही. मी काहीच सांगायची नाही, कारण मी काही पाहिलेलंच नव्हतं. आमच्या घरात मुलींनी थेटरात जायचं नाही असा दंडक होता. आजीबरोबर एक देवाचा पिक्चर पाहिला, तेवढाच. त्यामुळे मी परीक्षक. ज्याला स्वतःला काही येत नाही, त्याला दुसऱ्याचं तपासायला बसवतात, तशी.

अवधूत दर पंधरवड्याला शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला जायचा. तिथल्या बाजारातल्या थेटरात भुताचे पिक्चर लागतात, मी तीन वाजताचा खेळ पाहतो, असं सांगायचा. आणि त्याचे पिक्चर! त्यात हवेली नव्हती, पांढरी साडी नव्हती, कोणी किंचाळायचं नाही. तो मांडी घालून, हातातली तगरीची फुलं खालीवर करत, पोथी वाचल्यासारखा सांगायचा.

“एक बाई हाये. एकटीच राह्यते. रोज दोन ताटं वाढते. एक स्वतः जेवते. दुसऱ्या ताटातलं कोणी तरी उष्टं करून जाते.”

“कोण?” शैला.

“घरात कोणीच नाई.”

“मंग?”

“मंग एक दिवस थे तिसरं ताट वाढते.”

शैलाने माझा दंड असा पकडला होता की तिच्या नखांचे वण दोन दिवस राहिले. मोगऱ्याचे दिवस होते. त्या पिक्चरला मी पाच लिंबं दिली. मी कोणाला पाच देत नसे.

पण घरी गेल्यावर मला झोंबलं ते वेगळंच. सांगतासांगता तो म्हणाला होता, त्या घरात ओल्या कापराचा वास येत होता. त्याआधीच्या पिक्चरमध्ये उशीला खोबरेल तेलाचा वास होता. त्याच्याही आधी फिनेल. मी फुलवाल्याची मुलगी. वास म्हटला की माझं नाक उभं राहतं. पाणी कुठंतरी मुरत होतं. पुढच्या वेळी मी सरळ विचारलं.

“काहून रे, पडद्यातून वास येते का?”

“येते,” तो शांतपणे म्हणाला. “तू गेली असती त तुले समजलं असतं.”

मी थेटरात गेलेच नव्हते. मी गजूदादाला एकटं गाठून विचारलं, दादा, थेटरात वास येतो का? तो म्हणाला, “येते ना बाप्पा. मुतारीचा.” एवढं बोलून हसत निघून गेला. मला काही हसू आलं नाही. बुडाशी गरम लागत होतं आणि हात आत जात नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांना अकोल्याजवळची निशिगंधाची एक बाग पाहायची होती. मीही हट्टाने गेले. मामाचं घर अकोल्यातच, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे. शनिवार होता आणि अवधूत सकाळच्या गाडीने गेल्याचं मला माहीत होतं. दुपारी मामीला दोरा आणायला बाजारात जायचं होतं. मी म्हटलं, मामी, बाजारातल्या थेटरावरून जाऊ. थेटरावर देवाच्या पिक्चरची पाटी होती, वर हार घातलेला आणि बाया पायऱ्यांशी चपला काढून पोस्टरला हात जोडत होत्या. मी पानवाल्याला विचारलं, भुताचा कधी लागतो? तो म्हणाला, “अवं पोरी, सात हप्ते झाले हाच हाये. इथं भूत कुठलं?”

मला आनंद झाला. हे लपवून काय करू, खरंच आनंद झाला. टोपलीच्या तळापर्यंत हात पोचल्याचा आनंद.

येताना आम्ही एका कडुनिंबाच्या गल्लीतून आलो. पानगळ सुरू झालेली, पिवळ्या काड्या वाटभर पडलेल्या. आणि तिथं एका घराच्या पायरीवर अवधूत बसला होता. समोर बंद दार. मांडीवर दोन पुडांचा डबा. तो दाराशी काहीतरी बोलला. आतून उत्तर आलं नाही. थोडा वेळ बसून त्याने डब्याचं झाकण काढलं, डबा दाराच्या फटीशी ठेवला आणि हाताच्या पंजाने आत वारा घालू लागला. वरणाचा वास आत जावा म्हणून. आतल्या माणसाला भूक लागावी म्हणून. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हे सगळं पाहिलं. त्याने मला पाहिलं नाही.

“कोण होय व थो?” मामीने विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अवधूतने पिक्चर सांगितला. इतका सुंदर त्याने कधीच सांगितला नव्हता. एक माणूस परगावाहून आपल्या घरी येतो, घरातले सगळे लोक त्याच्याशी बोलतात, पण कोणीही त्याच्याकडे पाहत नाही. शेवटी शैला रडायला लागली. गजूदादासारख्या दगड माणसाने आपण होऊन पाच लिंबं अवधूतपुढे ठेवली. ती पाच लिंबं मला सलली. खोटं सांगणाऱ्याला पाच लिंबं, आणि खरं ठाऊक असलेली मी गप्प! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“हा पिक्चर पाहतच नाई,” मी म्हटलं. “त्या थेटरात सात हप्त्यांपासून देवाचा पिक्चर लागला हाये. हा तिथं एका बंद दारासमोर डबा घेऊन बसते. अन् असा वारा घालते.”

आणि मी करून दाखवलं. लिंबाची रिकामी परडी समोर ठेवली आणि पंजाने वारा घातला. गजूदादा मोठ्याने हसला, इतका की पुढच्या खोलीत बाबा जागे झाले आणि ओरडले, “काय चालू हाये बे पोट्टेहो?”

अवधूत हसला नाही, चिडला नाही. अंगावरच्या पाकळ्या झटकल्या, उभा राहिला. फक्त माझ्याकडे पाहून म्हणाला, “वास येते म्हणलं होतं ना तुले.”

तो गेला. लिंबं तिथंच होती.

त्यानंतर पूजेची फुलं न्यायला त्याचा काका येऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचं बिऱ्हाड अकोल्याला गेल्याचं कळलं. दाराआड त्याची आई होती, असं शैलाची आई म्हणाली. ती तिथं का राहायची, बाहेर का येत नसे, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा टोपली समोर होती आणि माझी हात घालायची हिंमत झाली नाही. रविवार आणखी दोनदा भरला. गजूदादाने एक सांगितला, शैलाने डोळे मिटलेला एक सांगितला. मग लिंबं सुकू लागली आणि आई त्यांचं लोणचं घालू लागली.

मी खोटं बोलले नव्हते. माझा शब्द न् शब्द खरा होता. एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आणि एवढी वर्षं मला त्याची लाज वाटते.

गंमत म्हणजे बाकीचे हे विसरलेत. शैला आता नागपूरला असते. मध्ये तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, “अगं, तो दोन ताटांचा पिक्चर आठवते का तुले? मी मोबाइलवर किती शोधला, सापडतच नाही. नाव काय होतं त्याचं?” मी म्हटलं, आठवत नाही. माझं करून दाखवणं तिच्या लक्षात नाही, पिक्चर मात्र आहे. गजूदादाला तर दोन्ही आठवत नाही.

तर हा ‘प्रेक्षक, अकोला’. ऑर्डरी लिहायच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी त्याचे सीन लिहू लागले. वर्षभरात सात झाले. एकात भिजलेल्या घोंगडीचा वास, एकात औषधाच्या बाटलीच्या बुचाचा. सातही पिक्चर मी थांबवूनथांबवून, मागेपुढे करून पाहिले. सातपैकी एकही सीन पिक्चरमध्ये नव्हता. माझी मुलगी म्हणाली, “आई, तू पिक्चर पाहून राह्यली का पंचनामा करून राह्यली?”

मला वाटायचं, तोच आहे. लगेच वाटायचं, कशावरून? कोणी रिकामटेकडा असेल, लोकांची गंमत पाहत असेल. कधी वाटायचं, हा बंटीच आहे, दुसऱ्या नंबरावरून. आणि सगळ्यांत वाईट शंका ही, की तो अवधूतच आहे आणि त्याने मला ओळखलंय. ग्रुपात माझं नाव आहे ‘फुलवाली, अमरावती’. फोटो झेंडूचा. ओळखायला काय लागतं? एकदा त्याने लिहिलंही, “ताई निंबू मोजूनमापून देतात.” यात टोमणा होता की नुसतीच थट्टा, हे मी आठ दिवस उलटंसुलटं करून पाहत होते. “तुम्ही अवधूत का?” असं त्याला वेगळं लिहून विचारायचं मी चारदा ठरवलं, चारदा टाइप केलं, चारदा पुसलं. हो म्हणाला असता तर पुढे काय लिहिणार होते मी?

मागच्या महिन्यात मामाच्या नातवाच्या लग्नाचे हार घेऊन अकोल्याला गेले, तेव्हा त्या गल्लीत जाऊन आले. पायरी नाही, दार नाही. चार मजली इमारत आहे, खाली गाड्या लावलेल्या. कडुनिंब तेवढा आहे, वरून छाटलेला. मी उगाच उभी राहिले आणि नाकाने शोधत राहिले, पण गाड्यांच्या तेलाशिवाय कसलाच वास नव्हता. तळमजल्यावरची एक बाई दारात आली.

“कोण पाह्यजे?”

“कोणी नाही. वाट चुकली.”

ती हलली नाही. मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत उभी होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आणि गेल्या रविवारी ते झालं. सगळे जण नुकत्याच आलेल्या एका पिक्चरबद्दल लिहीत होते. शहरातला उंच फ्लॅट, लिफ्टमधलं भूत, असा तो पिक्चर. धारणीच्या भाऊंनी तीन लिंबं दिली. मी दोन. मग प्रेक्षकाने लिहिलं :

“त्याच्यात एक लहान सीन हाये. नवव्या मजल्यावर एक माणूस डबा घेऊन येते अन् बंद दारासमोर बसते. बराच वेळ बसते. आतून फिनेलचा अन् शिळ्या निशिगंधाचा वास. शेवटी दार उघडते. पाच निंबू.”

मी तो पिक्चर आदल्याच दिवशी पाहिला होता. असा सीन त्यात नव्हता. डबाच नव्हता. तोच होता. आता शंका उरली नव्हती, आणि शंका नसली की मला काय करायचं ते कळत नाही.

पण मी काही लिहायच्या आत बंटीने लिहिलं, “ओ प्रेक्षक भाऊ, हा सीन पिक्चरमध्ये नाईच. म्या दोनदा पाह्यला. मांगच्या महिन्यातबी तुमी असंच एक फेकलं होतं. तुमी पिक्चर पाहता का नुसतं फेकता?”

मग भातकुलीच्या एकाने लिहिलं, “मलेबी वाटून राह्यलंच होतं.” कोणी हसण्याची चित्रं टाकली. बंटी पेटला. “घरी बसून मनानं रचते अन् पाच निंबू देते. कोणी पाह्यला का हा सीन? एकानं सांगा. नाईतर काढा याले ग्रुपातून.”

एकामागून एक उत्तरं येऊ लागली. नाही पाहिला. मीही नाही. नव्हता असा सीन. मी वाचत होते आणि मला पुन्हा तो हसण्याचा आवाज ऐकू येत होता, गजूदादाचा, इतका मोठा की बाबा जागे व्हावेत. प्रेक्षक अंगावरच्या पाकळ्या झटकत असावा, असं वाटलं. वहीच्या शेवटच्या पानावर सात सीन होते. ते टाकले असते तर बंटीने मला डोक्यावर घेतलं असतं.

मी लिहिलं, “मी पाहिला. आहे तो सीन.”

जन्मात मी चारचौघांत असं धडधडीत खोटं बोलले नव्हते. फुलं शिळी असतील तर गिऱ्हाइकाला तोंडावर शिळी म्हणणारी बाई मी.

बंटी म्हणाला, “ताई, कितव्या मिनिटाले?” तेवढ्यात प्रेक्षकाचा निरोप आला.

“ताईनं पाह्यला म्हणतात, मंग ताईलेच सांगू द्या. दार उघडल्यावर आत कोण होतं?”

पुढे दुकानात कोणीतरी हाक मारत होतं, दोन गजरे द्या म्हणून. मी उठले नाही. मला त्या दाराआड कोण होतं ते खरंच माहीत नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही. पिक्चर सांगायची माझी ही पहिलीच वेळ. अक्षरं चुकत होती, पुसून पुन्हा लिहीत होते.

मी लिहिलं, “आत कोण होतं ते दिसत नाही. पिक्चर आत जातच नाही. पण रस्त्याच्या पलीकडे एक पोट्टी उभी असते. ती त्याला पाहते. तो दाराच्या फटीतून डब्याचा वास आत घालतो, तेही पाहते. मग ती जाऊन चार लोकांत ते करून दाखवते आणि लोक हसतात. तो माणूस उठून जातो. लोकांना वाटतं, भूत दाराच्या आत आहे. आत नाही. त्या पिक्चरमधलं भूत ती पोट्टी आहे.”

पाठवलं आणि मोबाइल बारदानावर पालथा ठेवला. गजरे दिले. सुट्टे नव्हते म्हणून गिऱ्हाइकाशी उगाच वाद घातला. परत आले तेव्हा बंटीची तीन प्रश्नचिन्हं आली होती आणि धारणीच्या भाऊंनी लिहिलं होतं, “बाप्पा, हा त म्या पाहतापाहता झोपलो असन.” शेवंतीवरचं बारदान वाळलं होतं, ते मी पुन्हा भिजवलं, आणि हात पुसून पाहिलं तर प्रेक्षकाचं उत्तर आलेलं होतं.

“बरोबर. असाच हाये थो सीन. पण तिले भूत नोको म्हणू. पंधरा वर्षांची पोट्टी होती थे.”

वय मी लिहिलं नव्हतं.